गाडगेबाबांचा संसार आणि आपला



वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत घरातील काटकसर आणि निसर्गाची जपणूक या विषयावर मी चार शब्द लिहावेत, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही लेखिका नव्हे. शाळेत मुलांना शिकवण्यात माझी ३५ वर्षे गेली आणि आता नातवंडांत वेळ जातो. विषय ऐकला तेव्हा खरे सांगायचे तर मला ओशाळल्यासारखे झाले. काटकसरीवर लिहिण्याचा माझा अधिकार किती, हे माझे मला ठाऊक आहे. ते पुढे सांगणारच आहे. म्हणून मी ठरवले, की आपण उपदेश करू नये, ज्यांनी हे व्रत जन्मभर पाळले त्यांचे चरित्रच सांगावे. मी मूळची वऱ्हाडातली. माझ्या आजोळी काटकसर म्हटले की एकच नाव निघे, ते म्हणजे गाडगेबाबांचे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील मूळचे कष्टाळू आणि मनाने चांगले, पण दारूच्या नादी लागले आणि त्यातच लवकर गेले. घरातला पैसा बाटलीवाटे जाऊ लागला, की त्यामागून भांडी जातात, मग गुरे जातात आणि शेवटी माणूस जातो, हा धडा डेबूला अक्षरओळख होण्याआधीच मिळाला. शाळा त्याच्या नशिबी नव्हती. आई सखूबाई पदरच्या पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी आली आणि डेबू मामाच्या घरी वाढला.

गुरे राखणे, गोठा झाडणे, शेण उचलणे, पेरणी, निंदणी, अशी सगळी कामे त्याने केली. गोठ्यातले शेण उकिरड्यात, उकिरड्याचे खत शेतात, शेताचा कडबा पुन्हा गोठ्यात. शेतकऱ्याच्या घरात टाकाऊ असे काही नसते, जी ती वस्तू कुठेतरी उपयोगी पडते. आज आपण ओला कचरा आणि सुका कचरा म्हणून जे नव्याने शिकतो आहोत, ते त्या वेळी प्रत्येक खेड्यातले पोर जाणत असे.

पण कष्टाळू घरालाही एक भोक असले तर सारे गळून जाते. मामाच्या घरी ते भोक सावकाराच्या कर्जाचे होते. घेणाऱ्याला अक्षर येत नव्हते आणि देणाऱ्याच्या वहीत काय लिहिले आहे, ते वाचून दाखवणारे कोणी नव्हते. कर्ज फिटता फिटेना आणि शेतावर गदा आली. मामा त्या काळजीतच खचले. या एका प्रसंगातून बाबांच्या पुढच्या साऱ्या शिकवणुकीची दोन मुळे फुटली, असे मला वाटते. एक, ऋण काढून सण करू नये आणि दुसरे, पोटाला चिमटा घ्यावा, पण पोरांना शिकवावे.

डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. संसार सुरू झाला, मुले झाली. त्या काळी त्यांच्या जातीत बारशाला दारू आणि मटण यांची पंगत घालण्याची चाल होती. नाही घातली तर भाऊबंद नावे ठेवीत. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला ती चाल मोडली आणि पाहुण्यांना साधे गोडाचे जेवण वाढले. लोक रुसले, बोलले. तरी त्यांनी ऐकले नाही. घरच्या समारंभाचा खर्च आपल्या ऐपतीने ठरवायचा की शेजाऱ्यांच्या जिभेने, हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी आपल्यापुरता सोडवला. तो सोडवणे किती अवघड असते, हे मुलामुलींची लग्ने केलेल्या आपणा बायकांना सांगायला नको.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजी घर सोडून निघाले. तेव्हा त्यांचे वय २८ वर्षांचे होते. घर सोडताना त्यांनी काय घेतले, ते पाहण्यासारखे आहे. अंगावर ठिगळांचे वस्त्र आणि हातात मडक्याचे एक खापर, इतकेच. पुढे त्यात एका खराट्याची भर पडली. त्या खापरावरून, म्हणजे गाडग्यावरून, लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ठिगळांवरून कुठे गोधडे महाराज, कुठे चिंधेबुवा अशीही नावे पडली. त्यांचा सारा प्रपंच या तीन वस्तूंत होता आणि त्या तिन्ही वस्तू आपल्या घरातल्याच आहेत. म्हणून त्या जरा निरखून पाहू.

गाडगे हे त्यांचे ताट, वाटी आणि पाणी प्यायचे भांडे होते. ऊन लागले की तेच डोक्यावर टोपीसारखे पालथे घालायचे. एक भांडे, चार कामे. कुंभाराच्या चाकावर ते मातीचे होते आणि फुटले की पुन्हा मातीतच जाते. आपल्या फडताळात प्लॅस्टिकचे किती डबे आहेत, हे एकदा मोजून पाहावे. झाकणे हरवलेले, वास धरलेले, वितळून वाकडे झालेले. ते ना वापरवतात, ना माती त्यांना आपल्यात घेते.

दुसरी वस्तू ठिगळांची गोधडी. फाटलेले वस्त्र फेकायचे नाही, त्याला दुसऱ्या फाटक्याची जोड द्यायची, हे तर बायकांचेच शास्त्र. बाबांनी ते अंगावर मिरवले. त्यांना कोणी नवे धोतर, घोंगडी दिली, तर ती ते गोरगरिबांना देऊन टाकीत आणि स्वतः पुन्हा चिंध्यांत.

तिसरी वस्तू खराटा. बाबा एखाद्या गावात शिरले की प्रथम देवळात जात नसत. रस्ता झाडायला लागत. गटारे मोकळी करीत, वाटेतले दगडधोंडे, काटे उचलीत. कोणी वेडा म्हणे, कोणी भिकारी. दिवसभर राबून झाले, की कोणाच्या दारी भाकरी मागत. शिळी असली तरी चाले. फुकट मात्र खायची नाही. आधी लाकडे फोडून द्यायची, अंगण झाडून द्यायचे, मग भाकरी. चटणी नाहीतर कांदा मिळाला तर गाडग्यात घेऊन गावाबाहेर बसून खायचे. अन्नाचा प्रत्येक घास कोणाच्या तरी घामाचा असतो, तो आपल्या घामाने फेडल्याशिवाय गिळू नये, असा त्यांचा नेम होता.

आणि रात्री कीर्तन. दिवसा ज्याला वेडा म्हटले, तोच रात्री कंदिलाच्या उजेडात उभा राही आणि देवकीनंदनाचा गजर सुरू होई. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी गप्पाच. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत, लोक उत्तरे देत, आणि देता देता आपणच आपल्या उत्तरात सापडत. लग्नासाठी कर्ज काढू नका, दिवस घालायला कर्ज काढू नका, कर्ज काढून तीर्थयात्रा करू नका, देवापुढे कोंबडे-बकरे मारू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, हे सारे ते हसत हसत गळी उतरवीत. पैसे नसतील तर जेवायचे ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला हलके लुगडे घ्या, पण मुलांना शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असे त्यांचे सांगणे असे.

इथे मला माझ्या आजीची गोष्ट सांगितली पाहिजे. माझे आजोळ दर्यापूरकडचे. मी बाबांना पाहिले नाही. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षीचा माझा जन्म. पण आजीने त्यांचे कीर्तन ऐकले होते. घरात माझ्या थोरल्या मावशीचे लग्न ठरले होते. आजोबा पाच गावांना जेवण घालायच्या विचारात होते आणि त्यासाठी ओलिताचे शेत गहाण टाकण्याचे बोलणेही झाले होते. कीर्तन ऐकून दोघे मध्यरात्री घरी आले. आजी सांगे, की वाटेत दोघेही एक शब्द बोलले नाहीत. हलक्या लुगड्याची गोष्ट ऐकून बायका पदरात तोंड घालून हसल्या होत्या. तीही हसली होती. पण घरी आल्यावर तिने आपल्या पेटीतले एकुलते एक जरीचे लुगडे काढले आणि मावशीच्या लग्नात हेच नेसवायचे, नवे घ्यायचे नाही, असे आजोबांना सांगितले. पाच गावांचे जेवण एका आळीवर आले. भाकरी, चून आणि आंबाडीची भाजी अशी पंगत झाली. लोक नावे ठेवून जेवले, पण जेवले. शेत राहिले. त्याच शेताच्या उत्पन्नावर माझी आई सातवीपर्यंत शिकली आणि शिक्षिका झाली. तिची मुलगी म्हणून मी शिकले. आज मी हे चार शब्द लिहिते आहे, त्यातला प्रत्येक शब्द त्या न काढलेल्या कर्जाचा आहे.

बाबांच्या काटकसरीला कोणी कंजूषपणा म्हणू नये, एवढ्यासाठी त्यांच्या चरित्राचा दुसरा भाग पाहिला पाहिजे. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. काठ निसरडा, चिखलाचा. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. बाबा तिथे हाताला धरून लोकांना चढवीत-उतरवीत. पुढे लोकांच्या मदतीने त्यांनी तिथे घाट बांधला. पंढरपूरला दलित वारकऱ्यांना राहायला जागा मिळत नसे, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू, अशा कितीतरी ठिकाणी धर्मशाळा, अन्नछत्रे, पांगळ्या-आंधळ्यांसाठी सदावर्ते निघाली. गुरांसाठी गोरक्षणे निघाली. मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे निघाली. ज्याच्या हातात मातीचे खापर, त्याच्या शब्दावर लोक लाखो रुपये देत. कारण त्यातली एक पैसुद्धा त्याच्या स्वतःच्या गाडग्यात पडत नाही, हे सगळ्यांना दिसत होते.

कंजूष माणूस दुसऱ्याला देताना हात आखडतो, बाबा स्वतःला देताना आखडीत. त्यांच्या संस्थांच्या इमारती दगडी, पक्क्या. आणि ते स्वतः कुठल्या तरी झाडाखाली किंवा गावाबाहेर निजलेले. कुंताबाईंना आणि मुलांनाही त्यांनी धर्मशाळांचे सुख घेऊ दिले नाही. घरच्या माणसांनी झोपडीत राहावे आणि कष्ट करून खावे, असा कडक नियम. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. नवऱ्याचे नाव साऱ्या महाराष्ट्रात आणि घरात मात्र चूल पेटायची भ्रांत. चरित्रकार बाबांच्या त्यागाबद्दल भरभरून लिहितात. त्या माउलीचा त्याग मात्र तिने निवडलेला नव्हता, तरी तो तिने निभावला. आपण बायकांनी तरी तिचे नाव बाबांच्या बरोबरीने घ्यावे.

१९२३ साली बाबांचा तरुण मुलगा गोविंदा कुत्रा चावून गेला. बाबा तेव्हा कोकणात होते. बातमी आली तेव्हा कीर्तन चालू होते. ते त्यांनी थांबवले नाही. दुःख झाले नसेल, असे कोण म्हणेल? पण समोर बसलेल्या शेकडो माणसांचा वेळ आपल्या एकट्याच्या दुःखावर खर्च करायचा नाही, इतका त्यांचा हिशेब कडक होता.

आता माझी गोष्ट. अशा आजीची नात असून मी काय केले, ते ऐका. २०११ साली माझ्या मुलाचे लग्न झाले. कार्यालय मोठे हवे, जेवणात चौदा पदार्थ हवेत, असे सगळ्यांचे म्हणणे पडले आणि मीही मान डोलावली. घरात होते ते पुरले नाही, तेव्हा आम्ही बँकेचे कर्ज काढले. लग्नाच्या रात्री मी सामान आवरायला कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेले, तर तिथे उरलेल्या अन्नाची पिंपे भरून ठेवली होती. बासुंदीत भात, भातात पुऱ्या आणि वर थर्माकोलच्या ताटांचा ढीग. त्या पिंपांकडे पाहताना मला आजीची पेटी आठवली. कर्जाचे हप्ते आम्ही पाच वर्षे फेडले.

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट आहे. त्याच महिन्यात माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी भांड्याचा साबण फार लावता म्हणून बोलले होते. काटकसर मी शिकवीत होते, पण दुसऱ्याला. ज्याच्याकडे मुळातच थोडे आहे, त्याला काटकसर शिकवणे सोपे असते. बाबांनी ती स्वतःपासून सुरू केली, म्हणून त्यांना ती शिकवण्याचा अधिकार होता.

हप्ते फिटल्यावर आम्ही दोघांनी घरात काही गोष्टी सुरू केल्या. त्यात मोठेपणा काही नाही, पण कोणा भगिनीला उपयोगी पडतील म्हणून लिहिते. माठ गळायला लागला की आता मी तो टाकत नाही. त्याच्या तळाला दोन-चार भोके पाडते, खाली नारळाच्या शेंड्या घालते आणि त्यावर भाजीची देठे, साली, चहाचा चोथा टाकत जाते. प्रत्येक थरावर वाळलेला पाला पसरते आणि सुरुवातीला थोडे आंबट ताक शिंपडते. फार ओले झाले तर वास सुटतो, तेव्हा पाला वाढवायचा. कोरडे वाटले तर पाण्याचा हात मारायचा. आठवड्यातून एकदा काठीने हलवायचे. एक माठ भरला की दुसरा सुरू करायचा. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. कचऱ्याच्या गाडीत जाणारी आमची बादली आता जेमतेम पाव भरते.

डाळ-तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला आणि अळूला जाते. डाळी, कडधान्ये आधी भिजवून शिजवल्या, तर गॅस कमी जळतो. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि शिळ्या भाताला फोडणी, हे तर आपल्या आयांनी शिकवलेलेच आहे; आपण मध्यंतरी विसरलो होतो. जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवून मी एक स्वयंपाकघरात, एक दाराशी आणि एक पर्समध्ये ठेवली आहे. पिशवी घरी विसरली की प्लॅस्टिकची मागावी लागते, म्हणून तीन जागा. २०१८ पासून आपल्या राज्यात थर्माकोलची ताटे आणि हातात धरायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांना कायद्याने बंदी आहे. पण कायदा दुकानापर्यंत येतो; स्वयंपाकघराचा उंबरा आपणच ओलांडायचा असतो. मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या लुटत आलो. त्याऐवजी पुढच्या संक्रांतीला कापडी पिशवी किंवा मातीची पणती लुटावी, अशी माझी सूचना आहे.

शेवटचे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे. वाचवलेला पैसा जर नव्या खरेदीतच गेला, तर ती काटकसर नव्हे, नुसती अदलाबदल. म्हणून मी फडताळात एक मातीचे गाडगे ठेवले आहे. महिन्याच्या खर्चातून जे वाचेल ते त्यात. पहिल्या वर्षीच्या पैशांतून आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या मुलीची बारावीची फी भरली. साबणाबद्दल मी त्यांना जे बोलले होते, त्याची क्षमा मी तोंडाने कधी मागितली नाही. ती इथे मागते.

बाबांनी १९५२ साली आपल्या साऱ्या संस्थांचा कारभार गाडगे महाराज मिशनकडे सोपवला. आपल्या नावाचा मठ, गादी, शिष्यपरंपरा काही ठेवली नाही. अखेरपर्यंत त्यांची कीर्तने चालू होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात प्रवासातच बाबांनी देह ठेवला. पुढे २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव लाभले. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याच्या नावाच्या विद्यापीठातून आज मुली पदव्या घेऊन बाहेर पडतात.

त्यांच्यासारखे घर सोडून निघणे आपल्याला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याला घरातच राहायचे आहे. पण रोज सकाळी आपल्या हातात केरसुणी येते, स्वयंपाकघरात मातीचे एखादे भांडे असते आणि कपाटाच्या तळाशी एखादी जुनी साडी असते. बाबांजवळ याहून जास्त काही नव्हते. या वर्षात मंडळाच्या प्रत्येक भगिनीने आपल्या घरात असे एक गाडगे ठेवावे आणि पुढच्या वर्धापनदिनाला ते मंडळात आणून फोडावे. जमेल त्या पैशांतून एका तरी मुलीची शाळा सुटायची वाचेल. खापऱ्या मात्र टाकू नका. कुंडीच्या तळाशी घातल्या, की पाण्याचा निचरा चांगला होतो.